मागण्याच्या पलीकडची प्रार्थना

प्रार्थना म्हणजे मागणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परीक्षेला बसलेला विद्यार्थी, बदलीच्या हुकुमाची वाट पाहणारा कारकून, आभाळाकडे डोळे लावून बसलेला कापूस पिकविणारा शेतकरी, दवाखान्याच्या ओसरीवर रात्र काढणारी आई ही सारी माणसे देवाकडे काही ना काही मागतच असतात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला नवस फेडण्यासाठी थेट मराठवाड्यातून यात्रेकरूंचे थवे येतात. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीपुढे ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती असे दोन्ही भाविक मेणाचे हात, पाय आणि घरे अर्पण करतात. मागणाऱ्याचा धर्म कोणताही असो, मागण्याची तऱ्हा बहुधा एकच असते. संकटात सापडलेल्या माणसाच्या या मागण्याला हसण्याचे काही कारण नाही. ज्याला दुसरे कोणतेही दार उघडे राहिलेले नाही, त्याने निदान एक दार ठोठावावे, हे स्वाभाविकच आहे.

तथापि जगातील सर्व प्रगल्भ भक्तिपरंपरांनी मागण्याच्या पलीकडे आणखी एक पायरी मानली आहे. ख्रिस्ती उपासनेत तिला ‘स्तवन’ असे म्हणतात. प्रार्थनेची चार अंगे तेथे सांगितली जातात : स्तवन, पापांची कबुली, उपकारस्मरण आणि विनंती. यांपैकी शेवटची तीन सहज समजतात, कारण व्यवहारात त्यांच्यासारखे काहीतरी रोज घडत असते. चूक झाली की क्षमा मागावी, मिळाले की आभार मानावेत, हवे असेल तर विनवावे. स्तवनाचे मात्र तसे नाही. देवाने काय दिले किंवा काय द्यावे याचा विचार क्षणभर बाजूला सारून, देव जसा आहे त्याबद्दल, त्याच्या शीलाबद्दल, त्याच्यावर प्रेम करणे आणि ते बोलून दाखविणे, म्हणजे स्तवन. असे निर्हेतुक प्रेम माणसाला खरोखर शक्य आहे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

हा प्रश्न बायबलमध्येच अत्यंत निष्ठुरपणे विचारला गेला आहे, आणि तो विचारणारा सैतान आहे. ईयोबाच्या ग्रंथाच्या आरंभी देव आपल्या भक्ताचा, ईयोबाचा, गौरव करतो. त्यावर सैतान शंका काढतो ती अशी, की ईयोब देवाचे भय बाळगतो ते काय काही लाभावाचून? त्याच्याभोवती देवाने कुंपण घातले आहे, त्याच्या गुराढोरांची वाढ केली आहे. ते सारे काढून घेतले म्हणजे त्याच्या भक्तीची किंमत कळेल. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर सैतानाचे म्हणणे असे, की भक्ती हाही एक विनिमय आहे. पुरवठा थांबला की मागणीही आटेल. चाळीसहून अधिक अध्यायांचा तो ग्रंथ म्हणजे या एका शंकेचे उत्तर आहे.

सगळ्याला भाव असलेल्या मुलखात

वर्धा नदीच्या काठावरील राजुऱ्यासारख्या गावात हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते; तेथून ते नांदेड जिल्ह्यात आले आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडले गेले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. गेल्या काही दशकांत या मुलखाचे रूप पार पालटले. सास्ती आणि आसपासच्या कोळशाच्या खाणी, गडचांदूर-आवारपूरकडील सिमेंटचे कारखाने, नदीपलीकडचा बल्लारपूरचा कागद कारखाना यांनी रोजगार आणला आणि त्याबरोबरच मोजमापाची एक नवी सवयही आणली. जमिनीला एकरी मोबदला ठरला, कोळशाला प्रत ठरली, कापसाला तर ती पूर्वीपासून होतीच. कोणत्या शेतावर कोणाला नोकरी मिळेल, याची चर्चा घराघरांत होऊ लागली.

यात निंदा करण्यासारखे काही नाही. खाटिक आणि पाववाला यांच्या परोपकारबुद्धीवर नव्हे, तर त्यांच्या स्वार्थबुद्धीवर आपले जेवण अवलंबून असते, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच दाखवून दिले. देवघेव ही समाजाची गरज आहे. परंतु ज्या समाजात प्रत्येक वस्तूला भाव आला, तेथे माणसांच्या नात्यांनाही भाव येण्याचे भय असते. मुलाचे मोल त्याच्या पगारावर ठरते, सोयरीक जमिनीच्या मोबदल्यावर जुळते, म्हातारपण खर्चाच्या रकान्यात जाते. अशा वेळी लाभाचा हिशेब न ठेवता कोणावर प्रेम करता येते काय, ही शंका प्रत्येक घराची होते. देवावरील निर्हेतुक प्रेमाचा विचार म्हणूनच केवळ देवळाचा किंवा चर्चचा विषय नाही.

राजुऱ्याहून नदी ओलांडली की बल्लारपूर लागते. तेथे सिरो-मलबार चर्चच्या चांदा धर्मप्रांताचे पीठ आहे. १९६२ मध्ये या मुलखासाठी स्वतंत्र धर्मशासन सुरू झाले आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पुढे १९९९ मध्ये आदिलाबादचा भाग वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्यात आले होते. सिरो-मलबार चर्चची उपासना पूर्व सिरियाक परंपरेची आहे. तिच्या गाभ्याशी असलेली, अद्दई आणि मारी यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रार्थना ही ख्रिस्ती जगात आजही वापरात असलेल्या सर्वांत प्राचीन प्रार्थनांपैकी एक मानली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तिचा आरंभ याचनेने होत नाही. देवाचे नाव हे प्रत्येक मुखाने स्तवावे असे आहे, या भावनेने ती सुरू होते. याच उपासनेत देवाला पवित्र, समर्थ आणि अमर अशा तीन नावांनी तीनदा संबोधले जाते आणि मगच दयेची याचना केली जाते. आधी तू कोण आहेस, मग मला काय हवे, हा क्रम शतकानुशतके जपला गेला आहे.

खुद्द येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही हाच क्रम आढळतो. रोजच्या भाकरीची मागणी तिच्यात आहे; परंतु ती पहिली नाही. देवाचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा पूर्ण व्हावी, या तीन गोष्टी झाल्यावर भाकरीचा विषय निघतो. भाकर गौण आहे असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्याकडे ती मागायची तो कोण आहे हे आधी मनात ठसले, तर मागण्याचा सूर बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

गुण आणि शील

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सामर्थ्याची स्तुती करणे आणि शीलाची स्तुती करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, सर्वव्यापी ही विशेषणे देवाचे मोठेपण सांगतात. पण केवळ मोठेपणावर कोणी प्रेम करीत नाही. मोठेपणाचे भय वाटते, आश्चर्य वाटते, फार तर आदर वाटतो. प्रेम जडते ते स्वभावावर. निर्गमाच्या ग्रंथात मोशे देवाचे तेज पाहण्याची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा देव त्याला आपल्या पराक्रमांची यादी ऐकवीत नाही. तो आपला स्वभाव सांगतो. दयाळू, कृपाळू, एकनिष्ठ आणि सत्य राखणारा असे ते वर्णन आहे. त्यात मराठी बायबलने एक सुंदर शब्द योजिला आहे : ‘मंदक्रोध’. ज्याला राग येतो, पण सावकाश येतो, असा. अन्यायाची चीड ज्याला मुळीच येत नाही त्या देवाचा दुबळ्यांना उपयोग नाही, आणि ज्याचा राग पटकन भडकतो त्याच्याजवळ कोणीच जाऊ शकत नाही. त्या एका शब्दात हे दोन्ही सामावले आहे.

याच वर्णनातील ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द भाषांतरकारांना नेहमीच अवघड गेला आहे. दया, कृपा, वात्सल्य असे त्याचे निरनिराळे पर्याय योजले जातात. त्याचा मूळ भाव केवळ कणव असा नाही. दिलेल्या शब्दाला जागणारे प्रेम असा आहे. मराठी भक्तिपरंपरेतील ‘ब्रीद’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. संतांनी विठ्ठलाला त्याच्या ब्रीदाची आठवण दिली, तेव्हा त्यांनीही देवाच्या देणग्यांवर नव्हे, तर त्याच्या शीलावरच भिस्त ठेवली होती. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात सव्वीस कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी या अक्षय प्रेमाचाच उच्चार येतो. ऐकणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटेल. गाणाऱ्याच्या दृष्टीने तो ठेका आहे.

उपकारस्मरण आणि स्तवन यांतील सीमाही येथेच स्पष्ट होते. मुलाला खाऊ आणून देणाऱ्या बापाचे मूल आभार मानते; पण बाप रिकाम्या हातांनी आला तरी त्याच्या गळ्यात पडते, तेव्हा ते प्रेम असते. पहिली गोष्ट वाईट नव्हे. किंबहुना पहिलीतूनच बहुधा दुसरी उगवते, कारण देणाऱ्याचा स्वभाव त्याच्या देण्यातूनच कळतो. परंतु दोन्ही एक नव्हेत. बाराव्या शतकातील साधू बर्नार्ड याने देवावरील प्रेमाच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस प्रथम स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो. मग स्वतःसाठी देवावर. मग देवासाठी देवावर. आणि अखेर देवासाठी स्वतःवर. यातील दुसरी पायरी टाळून तिसरीवर उडी मारावी, असे त्याने सांगितले नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगून त्या सर्वांनाच उदार म्हटले आहे, आणि तरीही ज्ञानी भक्ताला वेगळे स्थान दिले आहे. दोन्हीकडचा हा समंजसपणा सारखाच आहे.

स्तुती की खुशामत?

स्तवनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो विचारी माणसाने घ्यावा असाच आहे. आपली स्तुती इतरांनी सतत करावी अशी अपेक्षा बाळगणारा माणूस कोणालाही आवडत नाही. कचेरीत साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे जसे असतात, तसेच त्या डोलण्यावर बढतीची यादी तयार करणारे साहेबही असतात. मग देवाने स्तुतीची अपेक्षा का करावी? तोही काय दरबार भरवून भाटांची कवने ऐकणारा एखादा संस्थानिक आहे?

इंग्रज साहित्यसमीक्षक सी. एस. लुइस याला श्रद्धेच्या आरंभीच्या काळात हाच आक्षेप छळीत होता, असे त्याने १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तोत्रांवरील पुस्तकात प्रांजळपणे लिहिले आहे. त्याला सापडलेले उत्तर साधे होते. माणसाला जे मनापासून आवडते त्याची स्तुती तो आपोआप करतो. चांगले गाणे ऐकले, सुरेख कविता वाचली, की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्तुती ही आनंदाला चिकटविलेली पुरवणी नसून त्या आनंदाचीच पूर्तता असते. तेव्हा स्तवनाची गरज देवाला नाही, ती स्तवन करणाऱ्याला आहे.

या उत्तराला आणखी एक जोड देता येईल. ॲडम स्मिथने १७५९ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात स्तुतीची आवड आणि स्तुत्य असण्याची आवड यांत भेद केला आहे. पहिली पोकळ स्तुतीनेही भागते. दुसरीला खरेपणा लागतो. खुशामतीत स्तुत्य गुण नसले तरी चालतात, कारण तिचा डोळा लाभावर असतो. स्तवनात लाभ गळून पडतो आणि समोरच्याच्या शीलाचा खरेपणा तेवढा उरतो. म्हणून खुशामत माणसाला लहान करते आणि स्तवन त्याला मोठे करते. ज्याला कशाचेच मनापासून कौतुक करता येत नाही, तो माणूस किती दरिद्री असतो, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

मराठीतील साक्षी

मराठी भाषेला या स्तवनाचा परिचय चार शतकांहून अधिक काळाचा आहे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी भाषा आत्मसात करून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी ग्रंथकारांच्या रीतीस अनुसरून त्याचा आरंभ नमनाने होतो, आणि त्या नमनात देवाच्या थोरवीचे स्तवन आहे. ख्रिस्ती देवाचे गुण गाण्यासाठी ओवीच योग्य, असे त्या परदेशी माणसास वाटले, ही घटना मराठीच्या इतिहासात सामान्य नाही. त्याच वेळी त्या काळाची काळी बाजूही विसरता येत नाही. साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायपीठाचा अंमल सुरू होता. दयाळू देवाचे स्तवन आणि निर्दय राजसत्ता एकाच भूमीवर नांदत होती. स्तवनाची कसोटी कशी लावावी, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो.

तीन शतकांनंतर हाच प्रवाह नारायण वामन टिळकांच्या रूपाने वेगळ्या वळणाने वाहू लागला. १८६१ साली कोकणात जन्मलेले टिळक नागपूर आणि राजनांदगाव या भागांत वावरले. १८९३ मध्ये त्याच वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचावयास दिले, आणि १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची मराठी ख्रिस्ती गीते पुष्कळदा पाश्चात्य चालींवर बसविलेली भाषांतरे असत. टिळकांनी अभंग आणि भजन हे साचे घेतले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त हा सिंहासनावर बसलेला राजा म्हणून क्वचितच येतो. तो गुरू म्हणून येतो, माउली म्हणून येतो. सामर्थ्याकडून शीलाकडे झालेले हे वळण होते आणि ते वारकरी मनाला ओळखीचे होते. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीते गाइली जातात.

टिळकांच्या आयुष्यातील एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. पगार घेऊन देवाचे काम करणे हे पाप नव्हे, आणि टिळकांनीही तसे म्हटले नाही. परंतु देवाचे गुण गाणे आणि महिन्याची पावती यांची गाठ सोडवावी, असे या कवीस अखेरीस वाटले. लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रां’त पतीच्या या निःसंग वृत्तीचे वर्णन केले आहे, आणि त्या वृत्तीची घरच्या बाईला द्यावी लागणारी किंमतही त्यांनी लपविलेली नाही. हातातला पैसा देऊन टाकणाऱ्याच्या घरी चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न त्या विनोदाने विचारतात. पण तो विनोद वरवरचा नाही. निर्हेतुक प्रेमाचा भार पुष्कळदा शेजारच्या माणसाच्या खांद्यावर येतो, हे सत्य त्यांच्याइतक्या सहजपणे मराठीत फार थोड्यांनी सांगितले असेल.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून वेगळा आणि अधिक थेट आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांना फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले एक आश्रयस्थान दाखविण्यात आले. समाजाने टाकलेल्या बायकांची ही सेवा या भगिनी का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला : विहिरीवर पाणी भरावयास आलेली, गावाने बोट दाखविलेली शोमरोनी बाई आणि तिच्याशी आदराने बोलणारा, तिच्याकडेच पाणी मागणारा येशू. या कथेने आपण हेलावून गेलो, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. येथे चमत्कार नाही, नवसाची पूर्ती नाही, लाभाचे आश्वासन नाही. एका व्यक्तीचे शील दिसले आणि मन तिकडे ओढले गेले. देवावर त्याच्या स्वभावासाठी प्रेम करणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठी माणसाच्या चरित्रात सहसा सापडणार नाही.

दोन कसोट्या

स्तवन खरे की खोटे, हे ओळखण्याच्या दोन कसोट्या बायबलमध्येच सांगितल्या आहेत. पहिली कसोटी संकटाची. हबक्कूक या संदेष्ट्याचा छोटा ग्रंथ देवाकडे केलेल्या कडक तक्रारीने सुरू होतो आणि एका विलक्षण निर्धाराने संपतो. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे एकेक नुकसान मोजून तो म्हणतो, की तरीही आपण देवाच्या ठायी आनंद मानू. ज्यांनी कापसाची बोंडे सडताना पाहिली आहेत, किंवा २०२२ च्या पावसाळ्यात वर्धेच्या पुराने राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद पडलेला आणि काठावरची शेते पाण्याखाली गेलेली पाहिली आहेत, त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. मात्र हा निर्धार दुसऱ्याने कोणावर लादण्याचा नाही. पीक बुडालेल्याला स्तवन करावयास सांगणे हा क्रूरपणा ठरेल. हबक्कूकाने ते स्वतःहून केले, यातच त्याचे मोल आहे.

शिवाय स्तवन म्हणजे दुःख गिळून टाकणे नव्हे. दीडशे स्तोत्रांच्या संग्रहाला हिब्रू भाषेत ‘स्तवने’ असेच नाव आहे. परंतु त्यांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधाराच्या उच्चारानेच संपते. तरीही ते संग्रहातून वगळले गेले नाही. देवाच्या न्यायावर विश्वास असल्याशिवाय त्याच्या दारी अन्यायाची तक्रार नेता येत नाही, म्हणून तक्रारसुद्धा त्याच्या शीलाला दिलेली एक प्रकारची मान्यताच असते. ईयोब गप्प बसला नाही. तो भांडला, आणि अखेरीस देवाने कोरडे उपदेश करणाऱ्या त्याच्या मित्रांना दोषी ठरविले, ईयोबाला नव्हे. रमाबाईंचे आयुष्यही असेच संकटांतून गेले. आईबाप त्यांनी दुष्काळात गमावले, भाऊ १८८० मध्ये, पती १८८२ मध्ये, आणि शेवटी एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये. त्यानंतरही मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते उरकूनच एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. सैतानाच्या प्रश्नाला दिलेले हे केडगावचे उत्तर म्हणता येईल.

दुसरी कसोटी वागणुकीची, आणि ती पहिलीहून कठीण आहे. आमोस या संदेष्ट्याच्या मुखाने देव असे सांगतो, की तुमचे सणसमारंभ मला नकोत, तुमच्या गीतांचा गोंगाट थांबवा; न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गरिबांना वजनात फसविणारे लोक उपासनेत मोठ्याने गात होते, हे त्याच्या संतापाचे कारण होते. ज्या गुणांचे स्तवन केले जाते ते गाणाऱ्याच्या अंगी थोडेही उतरत नसतील, तर ते स्तवन खुशामतीच्याच जातीचे ठरते. लूकाच्या शुभवर्तमानातील मरीयेचे स्तोत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. एका खेड्यातील गरीब मुलगी देवाची थोरवी गाते आणि त्या गाण्यात बलवंतांना आसनावरून खाली ओढणारा, भुकेल्यांना तृप्त करणारा आणि धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठविणारा देव येतो. असा देव आवडतो असे म्हणणाऱ्याने मजुरांच्या हजेरीपटात खाडाखोड करावी, हे जुळणारे नाही. मुक्याने सोसणाऱ्यांचा कैवार घेणारा देव ज्यांना प्रिय आहे, त्यांच्या तराजूकडे आणि त्यांच्या घरातील मोलकरणीच्या जेवणाकडे पाहिले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि निराधार मुलींना केडगावी घेऊन आल्या. शोमरोनी बाईशी बोलणारा ख्रिस्त ज्यांना आवडला, त्यांनी तसेच वागावे, हे ओघानेच आले. गोव्यातील धर्मन्यायपीठ याच कसोटीवर नापास होते.

या दोन कसोट्या एकत्र पाहिल्या, की स्तवनाचा उपयोग काय, या प्रश्नाला उत्तर मिळते, जरी स्तवन उपयोगासाठी करावयाचे नसले तरी. माणूस ज्याचे मनापासून कौतुक करतो, हळूहळू त्याच्यासारखा होतो. पैशाचे कौतुक करणारा पैशासारखाच थंड होतो, सत्तेचे कौतुक करणारा सत्तेसारखा उद्दाम. दया, सत्य आणि सावकाश येणारा राग यांचे रोज स्तवन करणारा माणूस एका दिवसात तसा होत नाही; पण त्याची दिशा ठरते. ख्रिस्ती प्रार्थनेने स्तवनाला पहिले स्थान दिले ते बहुधा याच कारणाने. विनंतीने माणसाची गरज भागते. स्तवनाने त्याची आवड घडते, आणि गरजेपेक्षा आवडच माणसाचे शील ठरविते.

ही गोष्ट ख्रिस्ती माणसापुरती मर्यादित राहावी असे नाही. राजुऱ्याच्या बाजारात कापसाचा आणि कोळशाचा भाव उद्याही बदलेल आणि त्याची चौकशी करणे कोणालाच चुकणार नाही. पण ज्या घरात रोज काही क्षण तरी कशाची तरी निखळ थोरवी, लाभाचा हिशेब न करता, बोलली जाते, त्या घरातील मुलांना एवढे तरी कळते, की सगळ्याच गोष्टींना भाव नसतो. देवावर त्याच्या शीलासाठी प्रेम करावयास शिकलेला माणूस म्हाताऱ्या आईवर, अपंग भावावर आणि उपयोग संपलेल्या मित्रावर त्यांच्यासाठीच प्रेम करण्याची शक्यता अधिक असते. तो तसे करीत नसेल, तर त्याच्या स्तवनात काहीतरी खोट आहे, असे समजण्यास हरकत नाही.